गर्दी कुणाला मारत नाही : गोवारी, हिल्सबरो आणि आमची एक कबुली

२३ नोव्हेंबर आला की नागपूरच्या झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकावर माणसे जमतात, फुले वाहतात आणि परत जातात. इकडे जाफराबादमध्ये त्या दिवशी काहीच होत नाही. आमच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या मुलांना आम्ही विचारून पाहिले, "११४ हा आकडा कशाचा?" एकालाही सांगता आले नाही. दोष मुलांचा नाही. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, सामाजिक चळवळीचा पेपर दिला, त्यातही गोवारी हत्याकांडावर आम्हाला एक ओळ नव्हती. आम्हाला ते कळले ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेल्यावर. सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर नाव वाचले : आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. रिक्षावाल्याला विचारले, हे कोण शहीद? तो म्हणाला, "मोर्च्यात चेंगरून मेले ते."

"चेंगरून मेले." हा लेख या दोन शब्दांविषयी आहे. पण त्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे, कारण हे शब्द आम्हीही वापरले आहेत, आणि आपल्याच माणसांविरुद्ध वापरले आहेत.

काही वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला आम्ही तालुक्यातल्या साठेक लोकांना घेऊन चैत्यभूमीला गेलो होतो. निम्म्याहून अधिक बाया, त्यातल्या बऱ्याच साठीच्या पुढच्या. परतताना एका मोठ्या स्टेशनवर रात्री गाडीची वाट बघत बसलो होतो. गाडी यायला दहा मिनिटे असताना भोंग्यावर सांगितले की गाडी दुसऱ्या फलाटावर येणार. सगळा फलाट उठला. पूल एकच, जिना अरुंद. वरून उतरणारे अर्ध्यात, खालून चढणारे अर्ध्यात. आमच्यातली एक आजी जिन्यावर पडली. हातात बाबासाहेबांचा फोटो आणि दोन पुस्तकांची पिशवी होती, ती तिने सोडली नाही, म्हणून हात टेकता आला नाही. मनगट मोडले. दोन तरुणांनी कठड्याला पाय लावून तिच्यावर कमान केली म्हणून ती वाचली.

गावी आल्यावर बैठक झाली. त्या बैठकीत आम्ही उभे राहून बोललो, "आपल्या लोकांना शिस्तच नाही. गाडी काय पळून जाणार होती का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आजी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "लेकरा, म्या काय हौसेनं पळले का? माझे पाय भुईला नव्हते. मागून रेटा आला अन् म्या वर उचलल्या गेले. तू शिकलेला ना, मंग सांग, त्यात माही शिस्त कुठं आली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. फलाट कुणी बदलला, दहा मिनिटे आधी का बदलला, जिना एकच का, तिथे एकही पोलीस का नव्हता, यातला एक प्रश्न आमच्या तोंडून निघाला नव्हता. निघाले ते "शिस्त नाही". हे वाक्य आमचे नव्हतेच. ते आम्ही कुठून उचलले, हे शोधताना आम्ही गोवारींपर्यंत आणि तिथून इंग्लंडच्या एका फुटबॉल मैदानापर्यंत गेलो.

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. गर्दीत माणसे कशी मरतात? आपल्याला वाटते, लोक घाबरले, पळाले, एकमेकांना तुडवले. बहुतेक वेळा तसे होत नाही. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसे असली तर माणूस आपल्या मर्जीने चालतो. तीच संख्या पाच-सहाच्या पुढे गेली की अंगाला अंग चिकटते आणि गर्दी पाण्यासारखी वाहू लागते. पुढे भिंत, कठडा किंवा बंद फाटक असेल तर दाब तिथे साठतो. छाती फुगायला जागा राहत नाही. माणूस उभ्या उभ्या गुदमरतो, आणि मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते दिसतही नाही. तो ढकलत नसतो, त्याच्याही मागून रेटा येत असतो. म्हणून प्रश्न नेहमी हा असतो की जागा किती होती, वाट किती होती, फाटक कुणी उघडले, कुणी बंद केले, आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता. आजीला हे पुस्तकाशिवाय कळले होते. आम्हाला पुस्तक वाचूनही कळायला वेळ लागला.

आता २३ नोव्हेंबर १९९४. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू होते. गोवारी समाज म्हणजे विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गावाची गुरे राखणारा समाज. त्यांची मागणी होती की आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या. यादीत 'गोंड गोवारी' असे नाव होते. शासनाने २४ एप्रिल १९८५ च्या निर्णयाने गोवारी वेगळे आणि गोंड गोवारी वेगळे अशी भूमिका घेतली होती. त्याविरुद्ध हजारो लोक, घरातल्या बायकामुलांसह, विधानभवनावर चालून आले. पोलिसांनी वाटेत कठडे लावून त्यांना अडवले. लोक तिथेच रस्त्यावर बसले. सकाळ गेली, दुपार गेली. सरकारातले कुणी निवेदन घ्यायला आले नाही.

त्या मोर्च्यातले लोक सांगतात की संध्याकाळी लाल दिव्याची एक गाडी दिसली. मंत्री आले, आपले ऐकणार, असे वाटून लोक उठले, पुढे सरकले. लाठ्या चालल्या. पुढे कठडे, मागे माणसे, मधे लाठ्या. ११४ माणसे मेली. त्यात बहुतांश बायका आणि लेकरे. शेकडो जखमी झाले.

काय चूक केली होती त्यांनी? मंत्र्याची गाडी आली असे समजून ते उठले. म्हणजे त्यांचा सरकारवर विश्वास होता. दिवसभर बसूनही तो संपला नव्हता.

नंतर काय झाले? तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सरकारला किंवा पोलिसांना दोषी धरले नाही. पुढच्याच वर्षी राज्यात सत्ता बदलली. गोवारींना विशेष मागास प्रवर्गात घालून त्या प्रवर्गाच्या २ टक्क्यांत इतर जातींबरोबर वाटा दिला गेला. स्मारक झाले, पुलाला नाव मिळाले. शहीद हा शब्द मिळाला. पण शहीद कुणाच्या हातून झाले, हे कुठल्याही पाटीवर नाही. एकाही अधिकाऱ्याचे नाव या ११४ मरणांशी जोडले गेले नाही. राहिले ते रिक्षावाल्याचे वाक्य : चेंगरून मेले.

आमच्या मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेच ते १९९४ साल. १४ जानेवारीला आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर आपण जिंकलो होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपुरात ११४ माणसे गेली. आपली चळवळ तेव्हा गोवारींच्या पाठीशी जितकी उभी राहायला हवी होती तितकी राहिली का? आम्ही तेव्हा फार लहान होतो, पण आमच्या घरातल्या मोठ्यांना विचारले तेव्हा ते गप्प झाले. "तो आदिवासींचा प्रश्न होता," असे एक काका म्हणाले. आपल्या दुःखाला जातीच्या भिंती घालायला आपणही शिकलो आहोत, एवढेच त्यावरून आम्हाला कळले.

आता इंग्लंड. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड शहरातले हिल्सबरो मैदान. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना. लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे, बेकारीने पिचलेले बंदराचे शहर. त्याच्या चाहत्यांसाठी आत जायला मोजकीच फिरती फाटके होती, बाहेर गर्दी साठली. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफील्ड यांनी एक मोठे फाटक उघडण्याचा हुकूम दिला. लोक आत शिरले आणि समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कप्प्यांत गेले. ते कप्पे आधीच भरलेले होते. बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवायला कुणी उभे नव्हते. कप्प्यांच्या पुढे लोखंडी जाळी होती, कारण फुटबॉलचे प्रेक्षक म्हणजे दंगेखोर, त्यांना कोंडूनच ठेवले पाहिजे, असे तेव्हाचे धोरण होते. जाळीला चिकटून माणसे उभ्या उभ्या गुदमरली. मृतांचा आकडा ९६ झाला, आणि २०२१ साली जुन्या इजेमुळे आणखी एक जण गेला तेव्हा ९७.

त्याच दुपारी डकेनफील्ड यांनी सांगितले की चाहत्यांनी फाटक जबरदस्तीने उघडले. हे खोटे होते, हुकूम त्यांचाच होता. चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापले की दारुड्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. हेही खोटे होते. आजही लिव्हरपूल शहरात असंख्य लोक ते वृत्तपत्र विकत घेत नाहीत.

न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितले की मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे होते. तरी १९९१ च्या चौकशीत मृत्यू 'अपघाती' ठरले. मेलेल्यांच्या आईबापांनी ते मानले नाही. त्यांनी संघटना केल्या, कागद मागितले, वर्षानुवर्षे मैदानात, चर्चमध्ये, कोर्टात जमत राहिले. २०१२ साली स्वतंत्र समितीने लाखो पाने तपासली. तेव्हा उघड झाले की पोलिसांचे १६४ जबाब दुरुस्त केलेले होते, आणि त्यातल्या ११६ जबाबांतून पोलिसांवरची टीका काढून टाकली होती. वेळेवर मदत मिळाली असती तर ४१ जण वाचू शकले असते, असेही दिसले. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने निकाल दिला : ही माणसे बेकायदेशीररीत्या मारली गेली, आणि चाहत्यांचा त्यात दोष नव्हता. सत्तावीस वर्षे लागली. त्यानंतरही एकाही पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा झाली नाही. २०१९ साली डकेनफील्ड निर्दोष सुटले.

तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या गोऱ्यांचे जाफराबादला काय? याचे उत्तर आम्हाला असे सापडले. दोन्हीकडे मरणाचा क्रम एकच आहे. आधी माणसाला धोकादायक ठरवायचे, मग जाळी किंवा कठडा लावायचा, मग माणूस त्या कठड्यावर मरतो, आणि शेवटी त्याच्या मरणाचे कारण त्याचा स्वभाव ठरतो. तिकडे त्याला दारुडा म्हटले, इकडे अडाणी म्हटले. तिकडे वर्ग होता, इकडे जात आहे. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात १० जण गेले, तेव्हा आपल्याला काय ऐकवले गेले? जमाव टँकर पेटवणार होता म्हणे. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. पण टँकरची गोष्ट आजही कुणीतरी सांगतोच.

फरक कुठे आहे? लिव्हरपूलच्या लोकांनी 'अपघात' हा शब्द स्वीकारला नाही. पोलिसांना शिक्षा मिळवून देता आली नाही, पण शब्द बदलून घेतला. आपण मात्र कारणांची एक यादीच पचवली आहे. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातल्या मांढरदेवीला जवळपास तीनशे माणसे गेली. आपल्या लक्षात राहिले ते नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले. रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवले ते पावसाकडे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने १४ जण गेले. मंडप व्यासपीठावर होता, लाखो लोक उघड्यावर. दोष उन्हाला. नारळ, पाऊस, ऊन. महाराष्ट्रात मरणाला कारण असते, पण जबाबदार माणूस नसतो.

आमचे काही कार्यकर्ते मित्र इथे म्हणतात, "मांढरदेवीला मेले ते अंधश्रद्धेने मेले. आपल्याला त्यांचे काय?" या मुद्द्याशी आम्ही सहमत नाही. देवीला नवस करणे चूक आहे असे आम्ही बौद्ध म्हणून म्हणू, रोज म्हणू. पण अरुंद वाटेवर लाखो माणसे येणार हे ठाऊक असताना वाट रुंद न करणे हा नवसाचा दोष नव्हे. चुकीच्या श्रद्धेची शिक्षा गुदमरून मरणे असू शकत नाही. तसेच गोवारींच्या मागणीचे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी गोवारींच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी तो रद्द केला, मात्र दरम्यान मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या राखल्या. आदिवासींतल्या अनेक संघटनांचाही गोवारींच्या समावेशाला विरोध आहे. त्या वादाचा निकाल आम्ही इथे लावत नाही. मागणी बरोबर असो वा चूक, निवेदन घ्यायला कुणी न येणे आणि बायकालेकरांवर लाठ्या चालवणे हे दोन्ही पक्षी चूकच राहते. कोर्ट जात ठरवू शकते. ११४ मरणांचा हिशेब त्या निकालात येत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपला इतिहास गर्दीचाच आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेल्या लोकांवर अफवा पसरवून हल्ला झाला. आपली माणसे चिडली होती, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक एका मैदानात उभे राहून धम्म स्वीकारून शांतपणे घरी गेले. दरवर्षी दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला लाखो येतात आणि पुस्तके घेऊन परततात. समता सैनिक दलाची पोरे दोर धरून उभी असतात. ज्यांना बेशिस्त म्हणतात त्यांनी हे करून दाखवले आहे, आणि ते करताना कुणी आपल्याला लाठीने हाकत नव्हते.

म्हणूनच आमच्या स्वतःच्या चुकीची लाज अधिक वाटते. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत दोन वर्षांपूर्वी डीजेची गाडी वळणावर अडकली. बोळ इतका अरुंद की गाडी आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसाला जागा. पुढे बाया, मागे नाचणारी पोरे. दहा मिनिटे कुणाला पुढे जाता येईना, मागे येता येईना. एक पोरगी गुदमरून बेशुद्ध पडली. सुदैवाने शुद्धीवर आली. तिथे पोलीस नव्हते, सरकार नव्हते. वाट आम्ही ठरवली होती, गाडी आम्ही आणली होती. बाया कुठे चालतील हे पुरुषांनी ठरवले होते, बायांना न विचारता. हिल्सबरोच्या फाटकावर डकेनफील्ड होता, आमच्या बोळात आम्ही होतो.

त्यानंतरची बैठक गरम झाली. पोरे म्हणाली, डीजे नसेल तर जयंती कसली? एक ज्येष्ठ बाबा म्हणाले, "वाट बदलली तर समोरच्या आळीचे म्हणतील, घाबरले." हा मुद्दा खोटा नाही. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना चालू देत नव्हते, तो रस्ता सोडणे सोपे नसते. शेवटी तीच आजी बोलली. म्हणाली, "रस्ता सोडू नका. गाडी सोडा." तसेच झाले. मिरवणूक त्याच रस्त्याने गेली, मोठी गाडी वळणाच्या अलीकडे थांबली. वळणावर सहा जण उभे केले, त्यात तीन बाया, आणि थांबा म्हणायचा अधिकार त्यांना दिला. भाषणाच्या व्यासपीठापेक्षा आधी पाण्याची आणि बाहेर पडायच्या वाटेची जागा ठरली. काही पोरे अजून नाराज आहेत. राहू द्या.

सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. दाणी आयोगाचा अहवाल मराठीत, साध्या पुस्तकाच्या रूपात, तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. लिव्हरपूलच्या लोकांसारखे आपल्यालाही कागद वाचता येतात. मोर्चा अडवायचा असेल तर निवेदन घेणारा जबाबदार माणूस ठरलेल्या वेळी कठड्यापाशी आलाच पाहिजे, असा नियम करा. जिथे लाखोंची गर्दी येणार हे ठाऊक आहे तिथे वाट आणि फाटक कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीत आहे, त्याचे नाव आधी जाहीर करा. नाव आधी लिहिलेले असेल तर नंतर दोष पावसावर टाकता येत नाही.

आणि स्वतःकडे एकच. "चेंगरून मेले" हे शब्द आम्ही आता वापरत नाही. २३ नोव्हेंबरला आम्ही जाफराबादच्या विहारात गोवारींसाठी मेणबत्त्या लावणार आहोत, आणि तिथे ११४ चा आकडा कशाचा ते पोरांना सांगणार आहोत. आजी येणार आहे. तिचे मनगट थंडीत अजून दुखते. बैठकीत तिला "शिस्त" शिकवली होती, त्याची माफी आम्ही तिच्याकडे मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे. त्या बायांची नावं मिळाली तर वाच तिथं."

त्या ११४ नावांची यादी आम्ही मिळवत आहोत. विदर्भातल्या वाचकांपैकी कुणाकडे असेल तर पाठवावी.

जय भीम.